दुसरी गाय

किनुए गेल्यानंतरचा हा पहिला ओबोन, मेलेली माणसं घरी येऊन परत जातात तो सण. आईच्या पाठवणीसाठी तिची लेक फुजिनो बोटीने बेटावर आली होती. खरं तर म्हाताऱ्या बापावर, यासाकुवर, नजर ठेवायला. यासाकु मात्र ठणठणीत दिसत होता. वेळेवर जेवत होता, शेजाऱ्यांची थट्टा करत होता. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेला माणूस इतका शहाण्यासारखा वागतोय, हेच तिला खटकत होतं.

भिक्षूंचे मंत्र झाले. ऊन कलल्यावर गावच्या मेलेल्यांना परत न्यायची गवताची होडी किनाऱ्यावर आली. पहिला ओबोन ज्या घरचा, त्या घरच्या माणसानेच ती समुद्रात ओढून न्यायची आणि खडकांपाशी दोरी सोडून परतायचं. यासाकुने ती आपल्या होडक्याला दोरीने बांधली.

"म्हाताऱ्या, झेपेल का रे?" शेजारच्या तोराजीने डिवचलं.

"तुझ्या बायकोला ओढायची असती तर नसतं झेपलं," यासाकु म्हणाला आणि वल्ही मारत निघाला.

मग सगळे गप्प झाले. पाठवणीच्या वेळी कुणी कुणाला हाक मारायची नाही. मेलेलं माणूस हाकेला वळतं, मग वाट चुकून गावातच घुटमळत राहतं. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले.

लाटेवर गवताची होडी कलली, आणि फुजिनोला आतलं दिसलं. भाताचे गोळे, कलिंगडाची फोड आणि काड्यांचे पाय लावलेल्या वांग्याच्या दोन गायी.

मेलेल्याने येताना लवकर यावं म्हणून काकडीचा घोडा, जाताना रमतगमत जावं म्हणून वांग्याची गाय; दोन्ही पहिल्या ओबोनच्या घरानेच करायचे. घोडा तर एकच होता, त्याचे पाय तिनेच खोचले होते. आली होती एकटी आई. मग दोघं कोण जाणार?

तिकडे बापाने दोरी सोडलीच नव्हती. खडकांच्या पलीकडे, जिथे पाण्याला ओढ आहे तिथे तो सरळ चालला होता.

"बाबा!"

किनारा हादरला. तोराजीने झेप घेऊन तिचं तोंड दाबलं. "अगं वेडे! सगळ्यांची माणसं वळतील ना!"

तिने त्याचा हात ओरबाडून काढला. "काका, आत दोन गायी आहेत!"

तोराजीने समुद्राकडे पाहिलं. गेल्या साली त्याच्याही मेलेल्या भावाची याच वाटेने पाठवणी झाली होती. पुढच्याच क्षणी तो गुडघाभर पाण्यात शिरला.

"यासाकु! अरे ए यासाकु! फिर मागे!"

मग बायका ओरडल्या, पोरं ओरडली. आपापली मेलेली माणसं माघारी येतील या धास्तीने रडत रडतच सगळा गाव एका जिवंत माणसाला हाका मारत होता.

वल्ही थांबली. बराच वेळ होडकं नुसतं डोलत राहिलं. मग यासाकुने गवताची होडी जवळ ओढून आत हात घातला; दोरी सुटली, गवताची होडी एकटीच पुढे गेली, आणि होडक्याचं नाक किनाऱ्याकडे वळलं.

यासाकु किनाऱ्यावर उतरला. त्याच्या हातात एक वांगं होतं.

"ही उरली," तो खाली मान घालून म्हणाला. "तुझी आई गेली का कुणास ठाऊक. तुम्ही केवढ्याने बोंबललात."

फुजिनोने वांगं हिसकावून घेतलं. तिने त्या गायीचा एकेक पाय उपटला आणि मोडून वाळूत टाकला.