डाव्या हाताचा आशीर्वाद

टीव्हीला झेंडूचा हार घातला होता. उदबत्तीचा धूर थेट पडद्यावर जात होता, त्यामुळे मागच्या लोकांना नीट दिसत नव्हतं, आणि नीट दिसत नसल्यामुळे त्यांची श्रद्धा पुढच्यांपेक्षा जास्त होती. वळसंगच्या अलीकडे, अक्कलकोट रस्त्याला लागून उभारलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यातल्या गुरुवारी भर दुपारी माणसं खचाखच बसून घाम पुसत होती.

पडद्यावर मोटारीच्या कॅमेऱ्यातून टिपलेला रस्ता पळत होता. पुढे एक मोटारसायकल. गाडी चिंचेच्या सावलीतून उन्हात आली, उजवीकडून एक पांढरी पिकअप घुसली आणि त्याच क्षणी तिला झाकत, रस्त्याच्या मधोमध, हवेत अधांतरी, उजवा हात वर केलेले साक्षीनाथ महाराज प्रकट झाले! संगमेशनं चित्र तिथंच थांबवलं.

"हात जोडा! बघा की मंडळी, गुरुबसप्पाचा काळ आला होता. महाराज मधी उभारले! पाय मोडला, पण जीव ऱ्हायला. बाकीच्या कॅमेऱ्यात नुसती लेन्स असती, आपल्या साक्षी कॅमेऱ्यात दृष्टी हाय!"

"साक्षीनाथ महाराज की जय!" पत्रे दणाणले. खुद्द महाराज टीव्हीशेजारच्या गादीवर डोळे मिटून बसले होते. स्वतःचा चमत्कार बघायची त्यांना गरज वाटत नसावी.

ती मोटार ज्याची होती तो अवधूत पहिल्या रांगेत, गळ्यात हार घालून बसला होता आणि त्याला आता धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. कारण संगमेशच्या बोलण्याचा अर्थ सरळ होता. महाराजांनी गुरुबसप्पाला वाचवलं. कुणापासून? तर अवधूतपासून.

अवधूत दुधनीतल्या एका बँकेत कारकून होता आणि सोलापुरातून रोज गाडीनं ये-जा करायचा. त्या दुपारी पिकअप त्याला ओलांडून गेली, मोटारसायकलला घासली आणि पसार झाली. अवधूत थांबला, वळसंगच्या गुरुबसप्पाला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. पण धावत आलेल्या लोकांनी पाहिलं होतं ते एवढंच: रस्त्यावर पडलेला माणूस आणि त्याच्यापाशी उभी असलेली ही मोटार. तक्रार अवधूतवर झाली. सोमवारी रेकॉर्डिंग घेऊन या, असा ठाण्यातून निरोप आला होता. गुन्हा नोंदला गेला तर बँकेत काय तोंड दाखवायचं, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

खरं तर कॅमेरा त्यानं अशाच वेळेसाठी घेतला होता. घ्यायच्या आधी कित्येक आठवडे मोबाइलवर डोळे फोडले होते. प्रत्येक खोक्यावर 'फोर-के', आणि खाली अभिप्रायांत निम्मे लोक म्हणणार 'बेस्ट', निम्मे म्हणणार 'पैसे पाण्यात'. शेवटी वैतागून तो संगमेशच्या गाडी-सजावटीच्या दुकानात गेला. संगमेशनं त्याला एकही प्रश्न विचारला नाही, नुसता साक्षी कॅमेरा हातात ठेवला. सोबत काळ्या मखमलीवर पांढऱ्या वस्त्रातल्या महाराजांचं चित्र असलेला 'शयनपट'. तो काचेखाली डॅशबोर्डवर आडवाच ठेवायचा, पाय इंजिनाकडे आणि डोकं चालकाकडे, कारण महाराज विश्रांती घेतात. दर्शन फक्त भर उन्हात, कारण तेव्हा महाराज जागे होतात. अवधूतला हायसं वाटलं. डोकं चालवायची कटकट संपली होती.

अपघाताच्या संध्याकाळी मोबाइलवर रेकॉर्डिंग उघडेना म्हणून तो संगमेशकडेच धावला. संगमेशनं ते लावलं, महाराज दिसताच किंकाळी फोडली, दुकानातच लोटांगण घातलं आणि कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेऊन पसार झाला. आता ते कार्ड महाराजांच्या पायाशी, चांदीच्या डबीत, हळदकुंकवात लोळत होतं. मागितलं तर संगमेश म्हणे, "साहेब, देवाला साक्षीदार म्हणून कोर्टात उभारवता व्हय?"

आणि खोटं कशाला सांगायचं, त्या संध्याकाळी अवधूतनंही हात जोडले होते.

शुक्रवारी तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला घेऊन निघाला. प्रभाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नव्या नजरेनं त्या जगातल्या चुका काढत सुटल्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी शयनपट उचलला.

"अवधूत, हा मेला डाव्या हातानं आशीर्वाद देतोय!"

"आई, ती वाममुद्रा आहे. संगमेशनं सांगितलंय."

"मुद्रा असो नाहीतर तंद्री. डाव्या हातानं मी कधी कुणाला पाण्याचं भांडं दिलं नाही, आणि हा आशीर्वाद देतोय! काल शेडमधल्या टीव्हीचं तू मोबाइलवर काढून आणलेलं बघितलं तेव्हा तर उजवा होता."

दवाखान्यातही त्यांनी हेच गाऱ्हाणं सांगितलं. डॉक्टर बुद्धप्रिया अवधूतच्याच वर्गातली. ती प्रभाताईंच्या डोळ्यात उजेड टाकून बघत होती. ऐकता ऐकता तिनं उजेड बंद केला.

"काकू, चित्रात डावा आणि व्हिडिओत उजवा? नक्की?"

"तूच डोळा केलायस. नक्की नसेल तर तुझी चूक."

बुद्धप्रिया हसत उठली. "अवधूत, गाडी कुठंय तुझी?"

गाडी खाली उन्हात तापत होती. शयनपट जागेवर ठेवून ती कॅमेऱ्याशेजारी मान नेऊन बसली. गॉगल घातला, काढला, पुन्हा घातला, आणि हसायला लागली.

"रस्ता बघू नकोस. काच बघ."

अवधूतनं काच बघितली. समोरच्या भिंतीच्या अलीकडे, हवेत, साक्षीनाथ महाराज पुसट उभे होते. उजवा हात वर. इतके दिवस ते त्याच्यासोबत दुधनीला जात-येत होते आणि त्याला पत्ता नव्हता.

"तुझी नजर लांब रस्त्यावर असते, काचेवरचं ती सोडून देते," बुद्धप्रिया म्हणाली. "कॅमेऱ्याला तेवढी समज नाही, समोर येईल ते सगळं घेतो. काच तिरकी आहे, त्यामुळे आडवं चित्र तिच्यात उभं दिसतं. डोकं तुझ्याकडे ठेवलं तरच सरळ दिसणार, नाहीतर महाराज शीर्षासनात. काळी मखमल उमटत नाही, पांढरा माणूस तेवढा उमटतो. आणि आरशात डाव्याचा उजवा होतो, म्हणून छापताना डावा छापलाय." तिनं गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला. महाराज गेले. "काचेवरून परत येणारी चमक हा गॉगल अडवतो, उभा धरला तर मात्र येऊ देतो. चांगल्या कॅमेऱ्यावर असाच फिल्टर बसवता येतो."

अवधूतला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. मग एकदम त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "म्हणजे पिकअप..."

"पिकअप तुझ्या महाराजांच्या मागं लपलीय. पुढचा व्हिडिओ कुणी बघितलाय?"

कुणीच नाही. महाराज दिसले की संगमेश चित्र थांबवायचा आणि माणसं हात जोडायची. हात जोडल्यावर पुढे काय झालं असं विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

रविवारी अवधूतचा सत्कार होता आणि त्याच्याच गाडीतून 'थेट दर्शन' होतं. गाडी शेडबाहेर उन्हात, कॅमेऱ्याची वायर टीव्हीला. 'आईला गर्दीत बसवत नाही, एसी लावून गाडीतच बरं वाटतं,' असं सांगून अवधूतनं प्रभाताईंना पुढच्या सीटवर बसवलं होतं, आणि त्यांची काळजी घ्यायला शेजारी डॉक्टर. कुबडी घेतलेल्या गुरुबसप्पाला संगमेशनं खास पहिल्या रांगेत मांडलं होतं.

आज महाराज बोलले. "बालकांनो, देह हे हार्डवेअर. कृपा हे नेटवर्क. ज्याची रेंज शुद्ध, त्यालाच दर्शन."

पडद्यावर महाराज उभे होतेच. जयजयकार झाला. आणि जयजयकार चालू असतानाच महाराज गायब झाले.

गादीवरच्या महाराजांनी एक डोळा उघडला.

"कुणाच्या तरी मनात शंका आली!" संगमेश ओरडला. "शंका काढा! जप करा!"

महाराज परत आले. पुन्हा गेले. परत आले. बाहेर बुद्धप्रिया कॅमेऱ्यापुढे गॉगल धरून बसली होती. आडवा धरला की महाराज गडप, उभा धरला की हजर. कुणीतरी पोरगी खुदकन हसली. मग पडद्यावरचे महाराज गर्रकन फिरले, डोकं खाली पाय वर झाले, आणि सरकत सरकत बाहेर निघून गेले. प्रभाताईंनी शयनपट उचलला होता. आणि महाराजांच्या जागी आकाशात, रस्त्याच्या बरोब्बर वर, एक गोल, काठाला खरपूस भाजलेली वस्तू तरंगू लागली.

"यव्वा!" मागून एक बाई म्हणाली. "ही तर कडक भाकरी हाय की!"

शेड फुटेल असा हशा झाला. अवधूतनं माईक हातात घेतला. "माझ्या आईचा डबा आहे तो. डॅशबोर्डवर जे ठेवाल ते दिसतं. बाहेर जाऊन बघा, हातानं ठेवून बघा." माणसं उठली. कुणी टोपी ठेवली, कुणी चप्पल. चपलेचं दर्शन झालं तेव्हा तर काही भाविकांना बसावं लागलं.

गुरुबसप्पा मात्र हसला नव्हता. "माझं पिच्चर फुडं दावा," तो म्हणाला.

"पवित्र कार्ड हाय ते, अप्पा," संगमेशनं डबी मागं सरकवली.

"पाय माझा मोडलाय. दावा म्हन्तो नव्हं!"

कुबडीच्या टोकानं त्यानं स्वतःच चांदीची डबी पुढे ओढली. कार्ड पुसलं, लावलं. चिंचेची सावली, ऊन, महाराज. या वेळी चित्र थांबलं नाही. महाराजांच्या आडून पिकअप डावीकडे बाहेर आली, तिची मागची फळी मोटारसायकलच्या हँडलला घासली, गुरुबसप्पा उडाला. अवधूतची गाडी बरीच मागे होती. ब्रेक लागून ती थांबली आणि गाडीतून उतरलेला अवधूत धावत पुढे गेला.

गुरुबसप्पा अवधूतकडे वळला.

"म्हंजी तुमी न्हाय धडकावलं."

"नाही."

"आनि मी तुमच्यावर तक्रार दिली." गुरुबसप्पानं मान खाली घातली. मग म्हणाला, "त्या पिकअपचा नंबर दावा."

अवधूतनं चित्र मोठं केलं. पाटीच्या जागी नुसता पिवळा फराटा होता. आणखी मोठं केलं, तर फराटाच मोठा झाला. खोक्यावर 'फोर-के' लिहिलेला तो कॅमेरा पळत्या गाडीपुढे आंधळा होता.

"देव येवढा ठसठशीत दिसतोय," गुरुबसप्पा म्हणाला, "आनि नंबर दिसंना व्हय?"

महाराजांची गादी तोवर रिकामी झाली होती. मागच्या दारानं कधी गेले ते कुणाच्याच कॅमेऱ्यात आलं नाही. 'मला बी काय म्हाईत नव्हतं' असं संगमेश दिसेल त्याला सांगत होता. कुणी ऐकून घेत नव्हतं.

बुद्धप्रिया आत आली आणि तिनं माईक घेतला. "कॅमेरा जरूर घ्या. पण त्यात देव दिसतो का विचारू नका, पळत्या गाडीचा नंबर दिसतो का ते विचारा. दुकानदाराला म्हणा, खोकं बाजूला ठेव, याच कॅमेऱ्याचं रस्त्यावरचं रेकॉर्डिंग दाखव, दिवसाचं आणि रात्रीचं. आपल्या उन्हात आतली बॅटरी फुगते, म्हणून बॅटरीऐवजी उष्णता सोसणारा कपॅसिटर असलेला मागा. चमक मारणारा फिल्टर मागा, कार्ड चांगलं घ्या आणि अधूनमधून काढून बघत जा. डॅशबोर्ड रिकामा ठेवा. आणि कुणी म्हणालं, इथं थांबा, हात जोडा, तर त्याला पुढचं दाखवायला सांगा. तेवढं विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावलाच, तर तो देव नाही."

सोमवारी ठाण्यात ते रेकॉर्डिंग दाखवून अवधूत तक्रारीतून सुटला. पिकअप सापडली नाही. शेडला कुलूप लागलं.

पुढे अवधूतनं नवा कॅमेरा घेतला, रेकॉर्डिंग बघून, पारखून. एका संध्याकाळी दुधनीहून येताना तो वळसंगला गुरुबसप्पाच्या अंगणात थांबला आणि मोबाइलवर त्याला त्या दिवशीचा रस्ता दाखवला. एक ट्रक भरधाव ओलांडून गेला. गुरुबसप्पानं प्लास्टरमधला पाय सावरत मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि पाटीवरचा नंबर एकेक आकडा करत मोठ्यानं वाचला.

"आता दिसतोय," तो म्हणाला आणि मोबाइल परत दिला. "तवा दिसाय पायजे हुता."