दहावा नियम नंतर ठरवू

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. कोपरे दुमडलेले, अंगावर कॉफीचा डाग. पण मला रद्दी समजू नका हं! एके काळी सहा माणसं मला विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नसत.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खोलीत माझा जन्म झाला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या रुग्णांना आदल्या दिवशी तारखेची आठवण करून देणारा प्रोग्राम ते लिहीत होते. सगळ्यांचं लिखाण एकसारखं दिसावं, म्हणून ताई आणि मास्तर यांनी मला तयार केलं. ताई वयाने मोठी, म्हणून सगळ्यांचीच ताई. मास्तर आधी शाळेत गणित शिकवायचा. दोघांची अशी गट्टी, की एक जेवायला उठला की दुसरी उठलीच.

नऊ नियम हसतखेळत झाले. दहाव्याला गाडी अडली. ओळ थोडी आत सरकवायची, तर टॅबची कळ एकदा दाबायची की स्पेसची चारदा?

"टॅब. एकदा दाबलं की झालं," मास्तर म्हणाला.

"आणि माझ्या स्क्रीनवर वेडंवाकडं दिसलं म्हणजे? स्पेसच," ताई म्हणाली.

शेवटी दहा आकड्यापुढे 'नंतर ठरवू' एवढंच लिहून मला भिंतीवर लावलं. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

मग काय विचारता! ताई मास्तरच्या फायलींतले टॅब काढी, मास्तर ते परत घाली. अहो, मोकळी जागाच ती! तिच्यासाठी दोघं हमरीतुमरीवर यायची. आणि मी? माझ्यावर बोट ठेवून भांडतात म्हणून फुशारत होतो. आज त्याची लाज वाटते.

एका सोमवारी मास्तरने रागाच्या भरात अख्खी फाइल टॅबमध्ये बदलून टाकली. नऊशे ओळी बदललेल्या दिसू लागल्या. त्या भरात एक ओळ त्याच्या हातून पुसली गेली. तपासायचं काम ताईचं. तिने चाळीस शेरे मारले, चाळीसच्या चाळीस टॅबवर. मग "घाल बाबा काय घालायचं ते," म्हणत वैतागून मंजुरी दिली. गेलेली ओळ तिला दिसलीच नाही. निरोप पाठवणारी ओळ होती ती.

तीन दिवस कुणालाच निरोप गेला नाही. एका आजोबांची ऑपरेशनची तारीख हुकली आणि त्यांना आणखी एक महिना अंधुक डोळ्यांनी काढावा लागला.

"तू ओळ पुसलीस."

"तू वाचलं नाहीस."

एवढंच दोघं बोलली. नंतर तेही बंद झालं.

मग त्यांच्या साहेबांनी एक छोटा प्रोग्राम आणून बसवला. फाइल साठवली की तो आपोआप ओळी नीट करतो. टॅब की स्पेस, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं. आठवड्याभरात कोण जिंकलं हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. मला काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

पुढे मास्तरने दुसरीकडे नोकरी धरली. शेवटच्या दिवशी तो टेबल आवरत होता, तेव्हा ताई त्याच्याजवळ गेली.

"मास्तर, कॉफी घेऊ या?"

"नको गं, खाली गाडी थांबलीय."

ताई माझ्याशेजारी येऊन खिडकीतून बघत राहिली. गाडीबिडी काही नव्हती. मास्तर खोका काखेत धरून पायीच चालला होता.

मित्रांनो, वाद घाला, जरूर घाला, पण उठायच्या आधी मिटवा. हरलात तरी चालेल. तुमचा मास्तर अजून शेजारच्या खुर्चीत बसला असेल, तर आजच त्याला हाक मारा.