गौहरचं गाडगं

बाभुळगावच्या मोहिउद्दीन कल्हईवाल्याच्या घरी सून आली आणि पाठोपाठ सासऱ्याचं डोकं फिरलं. हलीमाबीला एवढा पुरावा पुष्कळ होता. नवऱ्याचं हे खूळ सुनेच्याच हातून आलं, असं तिने मनात पक्कं केलं. महागावची ही गौहर बोलायला गोड, चालायला हळू. अशी माणसं पोटात काय ठेवतात ते अल्लालाच ठाऊक.

मोहिउद्दीन मूळचा शांत. गिऱ्हाइकानं चार शब्द सुनावले तरी हसत भाता ओढायचा. तो आता कुणाचं भांडं कुणाला द्यायचं ते विसरू लागला, मीठ कमी म्हणून ताट भिरकावू लागला. पोटात कळा येत. एकदा तर पोटच्या पोराला, शकीलला, त्याने दारातच विचारलं, "तू कोन?" शकील हसला. हलीमा हसली नाही.

शेजारच्या पंचफुलानं आगीत तेल ओतलं. "जेवनातून काईबाई घालतेत, हलीमाबी. मानूस बुद्धीतून जाते."

मग काय, हलीमाने चूल आपल्याकडे घेतली. सुनेनं घरातल्या भांड्याला हात लावायचा नाही. परसात तीन दगड मांडून दिले, एक मातीचं गाडगं दिलं. तिथंच शिजव, तिथंच खा.

"अम्मी, माह्यं काय चुकलं?" गौहरनं एकदाच विचारलं.

"ते तुले माहीत."

पिण्याचा माठसुद्धा हलीमाच्या खाटेशी आला.

नवऱ्यासाठी ती आता जीव तोडून रांधू लागली. त्याला चिंचेचं आंबट वरण आवडे, शिळं झालेलं तर अधिकच. मुलाच्या लग्नासाठी कल्हई करून चकचकीत केलेल्या तांब्याच्या देगचीत ती ते शिजवी आणि रात्रभर तसंच ठेवी. सकाळी त्याला पोटभर वाढायचं, उरलेलं आपण पुसून खायचं. शकीलला आंबट सोसत नसे. तो कापसाच्या जिनात कामाला जाताना भाकरी-कांदा बांधून नेई.

मोहिउद्दीन बरा व्हायचा तर आणखी बिघडला. एका सकाळी भात्याचा दांडा धरताना त्याचं मनगट लुळं पडलं, ते उचलेचना. आता ही परसातूनही काही करते, असं हलीमाने ठरवलं आणि महागावला निरोप धाडला: बाजाराच्या दिवशी या, पोरीला घेऊन जा. तलाक हा शब्द कुणी काढला नव्हता, पण गौहरनं आपली पेटी भरून ठेवली होती.

त्याआधी शकील बापाला एसटीनं यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन गेला. हलीमा बरोबर निघाली. तिनं गौहरलाही घेतलं, कारण सुनेला घरात एकटी सोडायला तिचं मन धजेना.

डॉक्टरनं मोहिउद्दीनचा ओठ खाली ओढला. हिरडीच्या कडेनं निळसर काळी रेघ होती.

"कल्हई करता ना? कथिलात शिसं मिसळता?"

"गिऱ्हाइकाच्या भांड्याले कधीच नाही, साहेब," मोहिउद्दीन दुखावून म्हणाला. "इमान आहे आपलं. कथील लय महाग झालं, म्हनून फक्त घरच्या भांड्याले मिसळलं. पोराच्या लग्नात घर चमकलं पायजे ना."

डॉक्टर म्हणाला, "आंबटात शिसं उतरतं, बाबा. तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. मेंदू साऱ्या अंगाचा कारभारी. तोच बिघडला की राग आवरत नाही, आठवण राहत नाही. हुकूम नेणाऱ्या शिराही बिघडतात, मग हात उचलत नाही. त्या भांड्यात शिजवणं आजपासून बंद. बरंच सुधारेल, सगळं सुधारेल असं सांगत नाही."

मग त्यानं सगळ्यांच्याच हिरड्या पाहिल्या. शकीलची ठीक होती. हलीमाच्या हिरडीवर निळी रेघ ठळक निघाली. गौहरची हिरडी गुलाबी, स्वच्छ.

"पाहा," हलीमा पटकन म्हणाली, "हिलेच काई नाही. काहून?"

"तू कशात शिजवतेस, बाई?" डॉक्टरनं विचारलं.

"गाडग्यात. मातीच्या."

"कुणी सांगितलं तसं करायला?"

गौहर खाली पाहत राहिली. सासूचं नाव तिच्या तोंडून निघेना.

"म्या सांगतलं," हलीमा म्हणाली. "अन् याइले देगचीतलं म्याच वाढलं. रोज."

डॉक्टरला दया आली असावी. "शिशानं संशयही वाढतो, अम्मा. एवढं मनाला लावून घेऊ नका."

केवढी मोठी सूट होती ती! घ्यावी असं हलीमाला फार वाटलं. पण निकाह लागला त्या दिवशी, नव्या कल्हईच्या भांड्यात अजून काही शिजलंही नव्हतं, तेव्हाच तिनं या पोरीची पेटी चोरून उघडून पाहिली होती.

"नाही साहेब," ती म्हणाली, "माह्या मनात तो पहिलेपासूनच होता."

घरी आल्यावर तिनं महागावला दुसरा निरोप पाठवला, पोरीला न्यायला येऊ नका, आणि परसात जाऊन गौहरच्या चुलीपाशी बसली. "तुह्या गाडग्यातलं वाढतं का मले?"

गौहरनं ताटलीत खिचडी काढली. मग सासूच्या देखत त्यातला एक घास आधी स्वतः खाल्ला, गिळला, आणि ताटली पुढे सरकवली.