विहीणबाईंची हरकत

माझे बाबा शहराच्या महापालिकेत वाहतुकीचं नियोजन बघतात आणि माझ्या सासूबाई शेजारच्या गावाच्या नगरपालिकेत नगररचनाकार आहेत. आमचं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, बरं झालं, व्याही-विहिणींना बोलायला विषय आहे. विषय होता हे खरं, पण पहिलं वर्षभर दोघंही एकमेकांशी फार जपून, तब्येतीपाण्याचंच बोलत. खरं बोलणं सुरू झालं ते प्रादेशिक आराखडा आल्यावर.

शहराला घरं पुरत नव्हती. म्हणून आराखड्यात शहराच्या टोकाला, आमच्या गावाच्या हद्दीला अगदी चिकटून, एक मोठी वसाहत आखली होती. जमीन शहराची, घरं शहराची, पण तिथून बाहेर पडायचा रस्ता एकच आणि तो थेट आमच्या बाजारपेठेतून जाणारा. रेल्वे स्टेशनही आमचंच. शेजारी म्हणून आमच्या नगरपालिकेचं मत मागवलं होतं. आराखड्यातलं वाहतुकीचं प्रकरण बाबांच्या हातचं होतं, आणि त्यावर मत लिहायचं काम अर्थातच सासूबाईंकडे आलं.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दोन्ही डोळ्यांना सारखं दिसत नसेल तर माणूस कसा हैराण होतो हे मी रोज बघते. त्या दिवसांत माझंच तसं झालं होतं. माहेरचं पटायचं, सासरचंही पटायचं.

त्यात आणखी एक भानगड होती. मी आणि माझ्या नवऱ्याने त्याच वसाहतीत घरासाठी नाव दिलं होतं. आमच्या घरी खोल्या तीन, त्यातल्या बाहेरच्या खोलीची अर्धी जागा सासूबाईंच्या नकाशांच्या टेबलाने खाल्लेली, आणि मला पाचवा महिना लागलेला. घर हवंच होतं. फक्त हे सासूबाईंना सांगायचं कुणी, यावर आमचं घोडं अडलं होतं.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्या आराखडा वाचत बसल्या. हातात लाल पेन्सिल.

“व्याही लिहितात छान,” त्या म्हणाल्या. “वाचताना वाटतं, या बाजारातून हत्ती गेला तरी कुणाला धक्का लागणार नाही.”

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे. त्याने तोच आवाज लावला. “आई, तुला एक सांगायचं होतं. आम्ही तिथे घरासाठी नाव दिलंय.”

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. 

“कुठल्या बाजूचं?” त्यांनी विचारलं.

“पूर्वेचं.”

“चांगलं आहे. सकाळचं ऊन येईल.” मग त्यांनी आराखडा मिटला. “मला आधी सांगायला हवं होतंत. उद्या नगराध्यक्षांना सांगून टाकते. हे काम आता मी करणं बरं दिसत नाही.”

आमचे नगराध्यक्ष पूर्वी शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि अजूनही समोरचा माणूस मैदानाच्या पलीकडे उभा असल्यासारखं बोलतात. सासूबाईंचं सगळं ऐकून ते म्हणाले, “बाई, नगररचना विभागात तुम्ही आहात आणि नकाशांचं कपाट आहे. आता कपाटाला लिहायला सांगू का? तुम्हीच लिहा. पण सभेत सगळ्यांसमोर सांगून मग बोला.”

सभेला गाव लोटलं होतं. बहुतेकांना एकच हवं होतं, कडक शब्दांत विरोध. सासूबाई उभ्या राहिल्या.

“मत वाचण्याआधी एक ऐकून घ्या,” त्या म्हणाल्या. “या वसाहतीत माझ्या मुलाने घरासाठी नाव दिलंय. आराखड्यातलं वाहतुकीचं प्रकरण माझ्या व्याह्यांनी लिहिलंय. माझी सून मागच्या रांगेत बसलीय, तिचं माहेर तिकडचं. आता मी जे बोलेन त्यातून तुम्हाला जेवढं वजा करायचं तेवढं करा.”

सभागृहभर हशा पिकला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी उगाचच पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

बाजारपेठेतले एक चपलांचे दुकानदार उठले. “वजाबाकी नंतर करू. विरोध लिहिलात की नाही तेवढं सांगा.”

“घरांना नाही लिहिला.”

“मग काय, पायघड्या घालायच्या का त्यांना?”

“तसं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “नुसता विरोध लिहिला तर तो वाचून बाजूला ठेवतील आणि घरं बांधतीलच. मग रस्त्याबद्दल बोलायला आपण नसू. आणि मला सांगा, तुमच्या दोन्ही मुली कुठे राहतात?”

“शहरात. भाड्याने.” दुकानदारांचा आवाज जरा खाली आला.

“त्यांना इतक्या जवळ घर मिळालं तर नको आहे?”

ते पुटपुटत खाली बसले. सासूबाईंनी मत वाचलं. घरांना हरकत नाही. पण बाजारातून जाणारा रस्ता हा भार पेलणार नाही. आधी वसाहतीपासून स्टेशनपर्यंत बससाठी वेगळा रस्ता करा, बाजाराच्या बाहेरून, आणि मग टप्प्याटप्प्याने घरं बांधा. ठराव मंजूर झाला. दुकानदारांनी हात वर केला, पण कोपरापर्यंतच.

बाबांचा फोन आला तो माझ्या दुकानात, मी एका आजोबांना अक्षरं वाचायला लावत होते तेव्हा.

“वाचलंस का तुझ्या सासूबाईंनी काय लिहिलंय? रस्ता भार पेलणार नाही म्हणे. मी मोजणी करून घेतलीय.”

“बाबा, मला मध्ये घालू नका. तुम्ही दोघं एकदा समोरासमोर बसा.”

“येतो शनिवारी. आईलाही आणतो.”

शनिवारी संध्याकाळी मी चहाची तयारी करून वाट बघत होते. बेल वाजली. दारात एकटी माझी आई, हातात चपला, चेहरा घामेजलेला आणि कमालीचा खूश.

“व्याही कुठे?” सासूबाईंनी विचारलं.

“येताहेत. तुमच्या बाजारात आहेत.” आई पंख्याखाली बसली. “मी गाडीतून उतरले तेव्हा गाडी घड्याळांच्या दुकानासमोर होती. वाटेत मी एक पिशवी घेतली, भाव केला, तरी पुढे निघून आले.”

आम्ही गॅलरीत गेलो. रेल्वे फाटक बंद होतं, शाळेचे जादा वर्ग सुटले होते, एक मालाचा ट्रक आडवा झाला होता, आणि त्या सगळ्यात बाबांच्या गाडीचं पांढरं छत दिसत होतं. काही केल्या हलत नव्हतं.

सासूबाई हसल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. त्यांनी दोन पेल्यांत चहा ओतला, वर बशा ठेवल्या, बगलेत नकाशाची गुंडाळी मारली आणि जिना उतरल्या. गर्दीतून वाट काढत त्या गाडीपाशी पोचल्या, खिडकीतून एक पेला आत दिला आणि पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसल्या.

“आता भांडतील,” मी म्हटलं.

“भांडू दे,” आई म्हणाली. “घरी रोज माझ्याशी रस्त्यांवर बोलतात. मला काय कळतंय त्यातलं.”

वरून आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते. आधी बाबांचे हात फार हलले, मग सासूबाईंचे. मग नकाशा काचेवर पसरला गेला आणि दोघांची डोकी त्यात गेली. फाटक उघडलं, ट्रक सरळ झाला, गाडी आमच्या दारापर्यंत आली, तरी कुणी उतरेना. शेवटी मी खाली गेले.

“ही मोजणी कधी केलीत?” सासूबाई विचारत होत्या.

“मंगळवारी. कामाच्या दिवशी, मुद्दाम.”

“महिना कुठला?”

बाबा थबकले. “शाळांना सुट्टी होती,” ते हळूच म्हणाले. मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच हसायला लागले. “विहीणबाई, पकडलंत. पण तुमचा हा बसचा रस्ता पण इथून नेता येणार नाही. खाली पाण्याची मोठी वाहिनी आहे. त्यावर रस्ता कुणी बांधू देणार नाही.”

आता सासूबाईंचा चेहरा उतरला. “आमच्या नकाशात नाही ती.”

“आमच्यात आहे. तुम्हाला पाठवायला हवा होता.” बाबांनी बोटाने रुळांच्या कडेने एक रेघ ओढली. “इथून नेला तर? आणि स्टेशनला पायी जायला इथे एक पूल.”

“गाडीत बसून मान्य करताय. सुनावणीत करणार का?”

“आधी पुन्हा मोजणी करतो. शाळा चालू असताना. माझ्या माणसांकडून नको, बाहेरच्यांकडून.”

तेवढ्यात माझ्या पोटात एक जोरात लाथ बसली आणि मी “आई गं” म्हणून दाराला धरलं, तेव्हा कुठे दोघांना आपण गाडीत बसलोय याची आठवण झाली.

सुनावणी शहराच्या सभागृहात होती. बाबांनी उभं राहून सांगितलं, शेजारच्या पालिकेची रस्त्याबद्दलची हरकत बरोबर आहे, आमची मोजणी चुकीच्या दिवसांत झाली होती. समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “तुमचं त्यांच्याशी नातं आहे असं ऐकलं.”

“आहे. म्हणूनच नवी मोजणी बाहेरच्यांकडून करून घेतली. आकडे त्यांचे आहेत, चूक माझी.”

निकाल लागला. वसाहत मंजूर, पण पुढच्या टप्प्यातल्या घरांचा ताबा बसचा रस्ता आणि पूल झाल्यावरच. गावात सगळे खूश झाले. आमच्या घरी मात्र त्या संध्याकाळी जरा शांतता होती, कारण आमचं पूर्वेचं घर नेमकं त्या पुढच्या टप्प्यात होतं.

“आई, आमचं घर तू लांबणीवर टाकलंस,” नवरा म्हणाला.

“हो.”

“माहीत होतं तुला?”

“शक्यता दिसत होती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला राग आलाय का?”

खरं सांगायचं तर आला होता. मी म्हटलं, “थोडा. पण तुम्ही आम्हाला सांभाळून लिहिलं असतंत, तर त्या सभेत मला पुन्हा मान वर करून बसता आलं नसतं.” दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर नकाशांचं टेबल त्यांच्या झोपायच्या खोलीत गेलं होतं आणि बाहेरच्या खोलीत पाळण्यापुरती, शिवाय माझी खुर्ची मावेल इतकी जागा झाली होती.

मुलगी झाली. त्या बाहेरच्या खोलीत रांगली, चालायलाही तिथेच शिकली. गैरसोय झाली, नाही असं नाही. पण बाळाच्या रात्रपाळीला आजी हाताशी होती आणि त्याची मोजणी मी कधी केली नाही.

बसचा रस्ता सुरू झाला त्या दिवशी पहिल्या गाडीत अर्धं गाव चढलं. चपलांचे दुकानदार सहकुटुंब आले होते, मुलींना नव्या घरांचा रंग बघायचा होता. माझी आई खिडकी पकडून बसली. बाबा आणि सासूबाई पुढच्या सीटवर शेजारी शेजारी होते. मला वाटलं होतं, आता थांब्यांवरून जुंपणार. पण बस रुळांच्या कडेने वळली, बाजाराची गर्दी डावीकडे लांब राहिली, आणि दोघंही नुसते बाहेर बघत राहिले.

वसाहतीच्या थांब्यावर आम्ही उतरलो. आमच्या इमारतीला अजून रंग लागायचा होता. मुलगी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, म्हणून आम्ही सगळे हळू आवाजात बोलत वर गेलो.