इंदूबाईला वर नेताना

माझी बहीण प्रांजली ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. म्हणजे खेळातली घरं, गल्ल्या, भिंतींवरचं शेवाळ, असलं सगळं ती उभं करते. याचा पगार मिळतो हे आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, पटायला बराच काळ गेला. मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण मी माणगावला कारखान्यात दिवसभर यंत्रापुढे उभा असतो, माझं मत कोण विचारतो!

तिच्या या खेळात एक शहर आहे, एकावर एक थर रचलेलं. वरच्या थरात बागा, कारंजी आणि ऊन. मधे बाजार. तळाला धूर, गळके नळ आणि वरच्यांनी वापरून सोडलेलं पाणी. तळातला एक पोरगा लढत लढत वर पोचतो, असा तो खेळ.

"असल्या खेळांत असं शहर असतंच, दादा," प्रांजली म्हणाली होती. "लोकांना ते बघायला फार आवडतं."

"मग आपल्या गावाला तिकीट लावू या," मी म्हटलं होतं.

आमचं गाव बोर्ली पंचतनच्या अलीकडे, उतारावर. माथ्यावर डांबरी रस्ता, त्याला लागून वरची आळी, आणि पार तळाला, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी, आमची बौद्धवाडी. तळातून रस्त्याला जायला वरच्या आळीच्या चौकातून सरळ दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे. सरकारी पैशातून बांधलेली, सगळ्यांची. तरी आमची माणसं पऱ्ह्यातून, दगडाधोंड्यांवरून, लांबचा वळसा घालून जातात. आजा तसाच गेला, बाप तसाच गेला. हल्ली कुणी अडवत नाही, आणि म्हणून भांडायलाही कुणी सापडत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात प्रांजली घरी आली आणि तळाच्या थरासाठी आमच्याच घराचे फोटो काढून घेऊन गेली. निळी भिंत, पत्र्यावर ठेवलेले दगड, दारातलं पिंप. दारात बसलेल्या आईचेही तिने चारी बाजूंनी फोटो काढले. आमच्या दारापुढेच वाट एकदम उतरते, त्यामुळे आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची. तेही प्रांजलीने फोनवर तिच्या आवाजात घेतलं: "सावकाश जा रं बाबा, उतार हाय."

"मला हिरवीन करतंस काय गो?" आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्याच पावसाळ्यात आईच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वर रस्त्यावर येऊन उभी राहिली, तिला खाली येता येत नाही. मी कामावर होतो. आबा, शेजारचा दादू आणि वाडीतले दोघे, अशा चौघांनी आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची बांबूंना बांधली आणि उचलली. पुढचं मला दादूने नंतर सांगितलं. पाखाडीच्या पायथ्याशी कुणी उभं नव्हतं, कुणी हू की चू केलं नाही. आबा पुढे होते. त्यांचे पाय सवयीने पऱ्ह्याकडे वळले आणि बाकीचे तिघे त्यांच्या मागून गेले. पऱ्ह्याला पाणी होतं, दगड निसरडे झाले होते. रस्त्याला पोचेपर्यंत आई गेली होती. जरा आधी आणलं असतं तर, असं त्या गाडीतला डॉक्टर म्हणाला.

याबद्दल मी आबांना कधी विचारलं नाही आणि तेही कधी बोलले नाहीत. माझा राग मात्र गेला नाही. तो कुणावर काढायचा तेवढंच मला ठरवता येत नाही.

थंडीत खेळ बाजारात आला. प्रांजली लॅपटॉप घेऊन घरी आली, पण दाखवायला तयार होईना. आबाच हटून बसले. शेवटी तिने संध्याकाळी तो पडवीत मांडला आणि खेळातल्या पोराला तळाच्या गल्लीतून चालवत आणलं. आमची निळी भिंत आली. दारात आई बसली होती.

"सावकाश जा रं बाबा, उतार हाय."

आबांनी लॅपटॉपची कड धरून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "हिला वर नेता येतं?"

"नाही आबा. वर फक्त हा पोरगा जातो."

"का?"

"वर तिला जागाच ठेवलेली नाही," प्रांजली बोलून गेली. मग आपलंच बोलणं ऐकल्यासारखी उठली आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. चुलीकडे तोंड करून ती रडत होती.

"मी तिला खेळातही आपल्या घरी ठेवलं होतं, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, घरी आहे ती."

दुसऱ्या दिवशी ती ऐरोलीला परत गेली नाही. लोकांच्या हातातला खेळ तिला बदलता येणार नव्हता, पण आमच्यापुरता येत होता. तिने वरच्या फाटकावरचे पहारेकरी काढले. वरच्या थरातली सगळी माणसं काढली. पण आई नुसती बसलेली होती, तिला चालवायचं कसं? प्रांजलीने मला अंगणात चालायला लावलं. मी डावा हात गुडघ्यावर दाबून आईसारखा लंगडत चाललो आणि ती फोनवर त्याचा व्हिडिओ घेत राहिली. आम्ही पहिल्यांदा खूप हसलो. दुसऱ्या फेरीला हसू आलं नाही.

संध्याकाळी आबांच्या हातात खेळाचा रिमोट दिला. पोरगा दाराशी येताच आई उठली, डावा हात गुडघ्यावर ठेवून त्याच्या मागे निघाली. बाजार ओलांडला. पुढे रुंद जिना सरळ वर गेलेला, आणि बाजूला गटाराचं भुयार. फाटक सताड उघडं होतं.

आबा थांबले. मग त्यांच्या अंगठ्याने पोराला भुयाराकडे वळवलं. प्रांजली काही बोलणार, तेवढ्यात मी तिचा हात दाबला. भुयाराच्या तोंडाशी पोरगा उभा राहिला, मागे आई. आबांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी पोराला माघारी आणलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर घातलं.

आई त्याच्यामागून चढली. वर मोकळा चौक, कारंजं, ऊन. ती तिथे उभी राहिली आणि तिला येत होतं तेवढंच बोलली.

"सावकाश जा रं बाबा, उतार हाय."

"न्हाय गो इंदू," आबा म्हणाले. "हितं सपाट हाय."

मग त्यांनी पोराला जिन्याच्या कडेशी नेलं. तिथून तळातली आमची निळी भिंत दिसत होती. ते खाली बघत राहिले.

"प्रांजे, एवढाच येळ लागतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सरळ आलं, तर एवढाच?"

"खेळ आहे, आबा," मी म्हटलं. "खेळात लवकर होतं."

त्यांनी मान हलवली आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला.

"पुढं मी व्हतो," ते म्हणाले. "वाट मीच वळवली."