वाचनालयाची काच

ते अठ्ठ्याण्णव साल. शाळेत चिकट कागदातून अक्षरं कापणारं मशीन आलं आणि फलकबाईंच्या निवृत्तीला एकच सत्र उरलं, तेव्हाची गोष्ट.

"बाई, दुपारी कमिटी येतेय," हेडसर कार्यशाळेच्या दारातूनच म्हणाले. "पोरांनी वाचनालयाच्या दारावर नाव झकास काढलं, तर तुमच्यामागेही हा वर्ग चालू ठेवा म्हणून मी शब्द टाकतो. नाहीतर ही खोली मशीनला. माझा इलाज नाही."

"काढतील की," बाई म्हणाल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं आवरून त्या आल्या होत्या. गुडघे बोलत होते, अंगात कणकण होती.

नववीच्या पोरांना फलक रंगवायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पत्र्यावर आधी जमीन, म्हणजे मागचा रंग, आणि मग अक्षर, हे पोरं झोपेतही सांगत. फलक झाला की बाई तो उलटा टांगायला लावत. "शब्द वाचता आला नाही की अंतर दिसतं," म्हणत.

काचेचं मात्र सगळंच उफराटं. रंग आतून लावायचा, अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढायची. आणि अक्षरं आधी, जमीन नंतर. दरवर्षी हे त्या दहादा बजावत. त्या दिवशी उलट्या अक्षरांचा कागद तेवढा पोरांच्या हातात दिला, "करा सुरू, मी जरा टेकते," म्हणाल्या, आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला.

उठवलं ते शिपाईमामांनी. "बाई, वाचनालयाला हिरवा पडदा लावलाय का हो?"

बाई धावल्या. आतून पाहिलं तर हिरव्यावर पिवळी अक्षरं, कशी ठसठशीत! पोरं शाबासकीची वाट बघत उभी. बाहेरून पाहिलं तर नुसती हिरवीगार काच. अक्षराचा मागमूस नाही.

"पत्र्यावर असंच करतो ना आपण?" वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी म्हणाली. तिला सगळे शिडी म्हणत.

"असंच करतो गं. तुमचं काही चुकलं नाही. मी सांगायचंच विसरले." बाई पायरीवर बसल्या. "जाऊ दे. कमिटीला मशीनच दाखवू देत."

शिडी काचेला नाक लावून उभी होती. "बाई, पिवळं खरवडलं तर? खालचं हिरवंही निघेल. काच उघडी पडेल तिथे."

"एवढं सुंदर काढलेलं? आपल्याच हाताने?"

"रडायचं ते नंतर रडू. ब्लेड द्या."

"अगं शिडे, बोट कापशील!" मामा ओरडले, पण ब्लेड त्यांनीच आणून दिलं.

सगळी काचेला भिडली. वरची रेघ बाईंनी स्वतः सोडवली, एका दमात. उघड्या अक्षरांत मागून पिवळा भरायचा बेत होता, तेवढ्यात कमिटी आलीच.

"वा! हाताने केलंय?" कमिटीतले म्हातारे मास्तर वाकून बघत म्हणाले. "आणि मशीनला किती वेळ लागतो हो?"

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "पाचेक मिनिटं. पण पोरांच्या हाताला..."

"पाच मिनिटं ना? मग झालं तर."

वर्ग बंद झाला. हेडसर पुढे मोठ्या शाळेत गेले. मशीनचे सुटे भाग मिळेनासे झाले तसं ते माळ्यावर गेलं. मामा लेकाकडे राहायला गेले. शिडी नर्स झाली. बाटल्यांवर पेशंटची नावं लिहिते तेव्हा डॉक्टरसुद्धा क्षणभर थांबतात म्हणे. बाईंची आई वर्षभरात गेली, आणि बाईंनी ब्रश पुन्हा हातात धरला नाही.

काचेत पिवळा भरायचा मात्र राहूनच गेला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी किल्ल्या देऊन बाई वाचनालयातून निघाल्या तेव्हा ऊन कलतं होतं. दाराच्या काचेतून आलेला उजेड फरशीवर पडला होता, अक्षरांच्या आकाराचा. त्यांच्या बाजूने तो उलटा दिसत होता. त्या सवयीने थांबल्या. डोळे बारीक करून अंतर पाहिलं. 'ल' आणि 'य'मध्ये केसभर जास्त होतं. बाकी सगळं ठीक होतं.

मग अक्षरांवर पाय न देता, भिंतीला धरून त्या बाहेर पडल्या.