उसनी दुनळी

अरे ऐका ना, आधी कुत्र्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. ऑगस्ट संपत आलेला, पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन अगदी तोंडावर, आणि आमच्या नेमबाजी क्लबातल्या ऑरिनकाकांनी आपला शिकारी कुत्रा बिलिंग्ज शहरातल्या भाच्याला देऊन टाकला. विकला नाही हं, देऊन टाकला. रविवारी क्लबात मातीच्या तबकड्यांवर नेम मारून झाल्यावर आम्ही नेहमीसारखे पॅनकेक खात बसलो होतो, तेव्हा बाबांनी ही बातमी सांगितली. बाबांचा मित्र गस पॅनकेकवर ओतायच्या पाकाची बाटली हातात धरून तसाच बसला.

कारण थॅड गेल्यापासून काकांचं काही ठीक नव्हतंच. थॅड म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनी लग्नं केली नाहीत, दोघं मिळून टायरचं दुकान चालवायचे, दोघं एकाच गाडीतून क्लबात यायचे आणि येताना-जाताना भांडायचे. जानेवारीत थॅड गेला. तेव्हापासून काका क्लबात फिरकले नाहीत, दुकान कधी उघडं, कधी बंद, शर्ट अंगावर टांगल्यासारखा. आम्ही सगळे म्हणत होतो, वेळ लागतो, लागू दे. पण सीझनच्या तोंडावर कुत्रा देऊन टाकणारा माणूस पुढच्या सीझनला असायचा विचारच करत नाहीये, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पण कळतं.

आणि त्यांच्या घरात बंदुकांचं कपाट.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन विचारायचं सरळ. कसं विचारणार? आमच्याकडे माणसाला तुझ्याकडे बंदुका किती असं विचारत नाहीत, ते म्हणजे पगार विचारण्यापेक्षा वाईट. आणि त्या दे म्हणायचं तर तोंडच उघडत नाही. त्यात गस. त्याला सगळे गसच म्हणतात, मी पण. त्याच्या ट्रकच्या मागे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की माझी बंदूक हवी असेल तर स्वतः येऊन घेऊन दाखवा. कोणाच्या जिवाला धोका वाटला तर कोर्टाने त्याच्या बंदुका काही दिवस काढून घ्याव्यात, असा कायदा येणार येणार म्हणून मागे गावात सभा झाली होती, तेव्हा हा माणूस उठला तो खाली बसेचना, शेवटी त्याच्या बायकोनेच कोट ओढून बसवला.

तर तोच गस बाटली खाली ठेवून म्हणाला, "मागायच्या नाहीत. उसन्या आणायच्या."

बाबा म्हणाले, "म्हणजे कोर्टाने नेल्या तर जुलूम आणि तू नेल्यास तर शेजारधर्म?"

"हो," गस म्हणाला, "कारण मी परत देणारे."

आमच्याकडे मित्राला बंदूक वापरायला द्यायची तर कागद-बिगद लागत नाही, त्यामुळे तेवढा प्रश्न नव्हता. प्रश्न होता निमित्ताचा. आणि अरे, काय एकेक निमित्तं! बाबांनी पिस्तूल आणलं ते सापांच्या नावाखाली, आमच्या गवताच्या कोठारात म्हणे नाग-नागिणीचं लग्न लागलंय इतके साप झालेत. मी छोटी रायफल आणली, शाळेच्या शिबिरात मुलींना शिकवायला, ते निदान अर्धं खरं होतं. आणि गस, ज्याच्या तळघरात पाय ठेवायला जागा नाही इतक्या बंदुका, तो गेला हरणाची रायफल मागायला. का, तर म्हणे माझ्या कुठल्याच रायफलीचा नेम लागत नाहीये. बाबा दिवसभर हसत होते. म्हणाले, एवढं खरं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

काका काही विचारायचे नाहीत. कपाट उघडायचे, बंदूक उघडून रिकामी आहे हे दाखवायचे, हातात द्यायचे. बस.

शेवटी कपाटात राहिली थॅडची दुनळी बंदूक. ती मागायची हिंमत कोणालाच होईना. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली, लाकडावर थॅडचा गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली. मग एल्डन म्हणाला मी जातो. एल्डन शाळेची बस चालवतो आणि इतका सरळ माणूस आहे की रस्त्यावर कोणी नसताना पण इंडिकेटर देतो. तो गेला आणि म्हणाला, शनिवारच्या मॅचसाठी थॅडची बंदूक द्याल का, त्याच्या आठवणीत मारतो. आणि काकांनी दिली. त्या रात्री पहिल्यांदा बाबांना झोप लागली, घोरणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

शनिवारी एल्डनने मॅच मस्त मारली. रविवारी आम्ही क्लबात साफसफाई करत होतो, दुपार कलायला लागलेली, आणि हा शीळ घालत आला. गसने सहज विचारलं, दुनळी कुठे ठेवलीस? तर एल्डन म्हणाला, ठेवली कुठे, चर्चमधून येताना परत देऊन आलो. पुसून, तेल लावून.

आणि थांबा, अजून आहे. आमच्याकडे उसनी बंदूक नुसती परत करत नाहीत, सोबत काडतुसांची एक नवी पेटी द्यायची असते, तशी रीतच आहे. तर याने ती पण दिली. वर बायकोने केलेला, रानातल्या हकलबेरीचा जॅम.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. गस फक्त म्हणाला, "एल्डन, अरे कशासाठी आणली होती ती?"

एल्डन म्हणाला, "शनिवारपर्यंत म्हटलं होतं मी. शब्द दिला होता रे." आणि मग खालीच बसला, झाडू हातात घेऊन.

आणि खरं सांगू, त्याच्यावर रागावता पण येईना. आमच्यातल्या कोणीही तेच केलं असतं. लहानपणापासून एकच शिकवलंय, दुसऱ्याची बंदूक वेळेवर आणि स्वच्छ परत करायची.

बाबांनी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला, परत तेच. सगळ्यांनी धाडीसारखं जाऊन उभं राहायचं तर ते बरं दिसणार नाही, म्हणून मी म्हटलं मी जाते, मला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलंय, काका फक्त त्यांनाच म्हणते मी. गाडी चालवताना सगळा वेळ निमित्त शोधत होते. ससे? शिबिर? मॅच तर झाली. डोक्यात काही म्हणता काही येईना.

काका मागच्या अंगणात होते. लाकडी टेबलापाशी बसलेले, समोर दुनळी, शेजारी पेटी, शेजारी जॅम. मी जिथे होते तिथेच थांबले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ये. तुला कशाला हवीये? ससे?"

मग माझ्या लक्षात आलं की यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहितीये.

"तुझ्या बापाचे साप कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बरे आहेत. काय बोलतेय मलाच कळत नव्हतं. बाकावर बसले. पेटीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघत राहिले. वरचा कागद फाडलेला नव्हता. आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं, जे आमच्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही.

"काका, मला ती कशासाठीच नकोय. फक्त ती तुमच्याजवळ नको."

त्यांनी मान वळवली. शेजारच्या शेतात पाण्याचे फवारे चालू होते, तिकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठून आत जातील, आयुष्यात परत बोलणार नाहीत माझ्याशी.

मग हळूहळू सांगायला लागले. की कपाट रिकामं झालं त्या दिवशी त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट झोप लागली. तीन-चार दिवस जरा जेवण गेलं. गसने नेम लागत नाही म्हटलं तेव्हा दार लावून एकटेच हसले, थॅड असता तर त्याला सांगितलं असतं म्हणून मग रडले पण. आणि आज एल्डन ही घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला नाही म्हणता येईना, बिचारा तेल लावून आला होता. "तेव्हापासून इथेच बसलोय," म्हणाले. "फोन वाजत होता, पण उठलो तर बंदूक परत घरात नेऊन कपाटात ठेवावी लागेल, म्हणून उठलोच नाही."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आमच्यात असलं काही करत नाहीत, पण ठेवला.

त्यांनी दुनळी उचलली, नळ्या उघडल्या, दोन्हीतून आभाळ दिसत होतं, आणि तशीच उघडी माझ्या हातात दिली. पेटी पण सरकवली. जॅम मात्र स्वतःकडे ओढला.

"परत कधी आणशील?"

"तुम्ही मागाल तेव्हा."

"नको," ते म्हणाले. "मी मागितली की लगेच नको आणूस. आधी रिकाम्या हाताने ये. कॉफी पी माझ्याबरोबर. नीट बघ माझ्याकडे. मग तू ठरव."

अरे, तुम्हाला कळतंय ना हे कोण म्हणतंय? त्या सभेत गससाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत काका पहिले होते. सरकारला नाही, कोर्टाला नाही, शेजाऱ्याला पण नाही, असं आयुष्यभर म्हणणारा माणूस. आणि ते माझ्यासारख्या पोरीला म्हणतायत, तू ठरव.

आता ते बुधवारी-बुधवारी डॉक्टरकडे जातात, एल्डन नेतो, इंडिकेटर देत देत. क्लबात पण येतात. नेम मारत नाहीत, मागे खुर्चीत बसून आमच्या चुका काढतात.

आणि गेल्या आठवड्यात त्यांनी दुनळी मागितली. मी गेले, रिकाम्या हाताने. कॉफी प्यायले. नीट बघितलं. दाढी केलेली होती, दुकानाचा शर्ट घातलेला, पण डोळे अजून कुठेतरी लांब होते. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, काका, अजून नाही.

ते म्हणाले, "बरं." आणि माझ्या कपात अजून थोडी ओतली.